जुन्या अमेरिकेचे फोटो: आधी पैसे कोणी दिले ते बघा, मग कोपरे बघा

इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी विचारलंय: व्हॉट्सअ‍ॅपवर 'जुनी अमेरिका' म्हणून जे फोटो फिरतात ते खरे असतात का? धुळीने माखलेली शेतकऱ्यांची पोरं, लालभडक लिपस्टिक लावून विमानाचे भाग जोडणाऱ्या बायका, उंच तुळईवर बसून डबा खाणारे मजूर. त्यांतले रंग खरे का? तिथल्या साध्या माणसाचं जगणं त्यातून कितपत कळतं? आणि शाळेच्या प्रदर्शनात हे फोटो मोठे करून लावले तर चालतील का?

प्रकाशक आणि वस्तुसंग्रहालयांसाठी जुने फोटो शोधणं आणि त्यांची ओळख पटवणं हे माझं काम. पोटापाण्याचं काम बहुतेक इकडच्या फोटोंचं असतं. पण अमेरिकेतले सरकारी संग्रह इतके उघडे आणि इतके नीट लावलेले आहेत की जुना फोटो वाचायला शिकायचं तर तिथे जाऊन बसावं असं मी नव्या पोरांना सांगते.

तुमच्याकडे येणारे बरेचसे फोटो खरे असतात. तुळईवरच्या मजुरांचंच घ्या. २० सप्टेंबर १९३२, न्यूयॉर्क, रॉकफेलर सेंटरचं बांधकाम चालू होतं. माणसं खरी, मजूर खरे, खालची खोलीही खरी. पण त्या दिवशी त्यांना तिथे बसवलं होतं ते नव्या इमारतीचा गाजावाजा व्हावा म्हणून. म्हणजे हा फोटो खोटा नाही, तरी मजूर रोज कुठे जेवायचे हे त्याच्यावरून सांगता येणार नाही. त्यामुळे खरंखोटं ठरवण्याआधी मी एकच विचारते: या फोटोचे पैसे कोणी दिले, आणि कशासाठी?

१९३० ते ४५ या काळातले जे फोटो आपल्याकडे येतात त्यांचा मोठा वाटा एकाच सरकारी कचेरीतून निघालेला आहे. मंदी आणि मैदानी राज्यांतला दुष्काळ, या दोन्हींनी शेतकरी उखडला गेला, तेव्हा रूझवेल्ट सरकारने १९३५ मध्ये रीसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाचं खातं काढलं. १९३७ मध्ये त्याचं फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन झालं. कुळांना आणि वाटेकऱ्यांना कर्ज, जमीन, राहायला छावण्या, हे त्याचं काम. एवढा पैसा खर्चायचा तर शहरातल्या मतदाराला गरज पटायला हवी. म्हणून खात्यात फोटोंचा एक विभाग होता आणि त्यावर रॉय स्ट्रायकर हा अर्थशास्त्राचा मास्तर. त्याला स्वतःला फोटो काढता यायचे असं कोणी म्हणत नाही, पण माणसं निवडायचं डोकं मात्र जबरदस्त. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, आर्थर रॉथस्टीन, रसेल ली, मॅरियन पोस्ट वोलकॉट, जॅक डेलानो, गॉर्डन पार्क्स ही सगळी मंडळी त्याच्या हाताखाली फिरली. कृष्णधवल निगेटिव्ह सुमारे पावणेदोन लाख, रंगीत पारदर्शिका (स्लाइड) सोळाशेच्या आसपास. हे सगळं आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि घरबसल्या बघता येतं.

स्ट्रायकर आपल्या माणसांना नुसतं 'जा आणि काढा' असं सांगत नसे. तो याद्या पाठवायचा. संध्याकाळी लोक घरात काय करतात? भिंतीवर काय टांगलेलं असतं, आणि मिळकतीप्रमाणे ते बदलतं का? गावात माणसं एकमेकांना भेटतात कुठे? ओसरीवर गप्पा मारत बसलेल्या म्हाताऱ्यांचा एखादा फोटो अगदी सहज टिपलेला वाटतो. तो कदाचित अशाच एका यादीतल्या ओळीचं उत्तर असेल. म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही. उलट आज आपल्याला तिथल्या भिंतींवरची कॅलेंडरं, वर्तमानपत्रं चिकटवून केलेला भिंतीचा कागद, चुलीवरची किटली हे सगळं दिसतं ते त्या यादीमुळेच. फक्त मागणी कोणाची होती हे ठाऊक असावं. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये हीच मागणी पालटली आणि देशावर विश्वास असलेले उमेदीचे चेहरे हवेत असं सांगणं आलं. त्यामुळे १९३६ ची खंगलेली अमेरिका आणि १९४२ ची हसरी अमेरिका हे फोटो शेजारी ठेवून 'बघा किती सुधारणा झाली' असं मुलांना शिकवू नका. सुधारणा झालीच होती, पण मधल्या काळात साहेबाची यादीही बदलली होती.

फिल्म धुवायला वॉशिंग्टनला जायची. निवड स्ट्रायकर करायचा आणि नापास निगेटिव्हला सरळ पंचाने भोक पाडायचा. साधारण १९३९ पर्यंत हे चाललं. फोटोग्राफर चिडायचे, आणि ते बरोबरच होतं. ती भोकाची निगेटिव्हं टाकून मात्र दिली नाहीत. आज स्कॅनमध्ये भोकाच्या जागी काळाकुट्ट गोळा दिसतो, कधी आभाळात, कधी थेट माणसाच्या तोंडावर. मला विचाराल तर या संग्रहातला सगळ्यात शिकवणारा भाग हाच. एकाच घरासमोरची पास झालेली आणि भोक पडलेली फ्रेम शेजारी ठेवली की संपादकाच्या मनात काय होतं ते उघड दिसतं.

आता सगळ्यांना तोंडपाठ असलेला फोटो. १९३६ च्या सुरुवातीला लँगने कॅलिफोर्नियात निपोमो इथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेला, गालाला हात लावून बसलेल्या आईचा. पीक थंडीने गेलेलं, काम नाही. कॅप्शनमध्ये लिहिलंय: सात मुलांची आई, वय ३२. नाव नाही, लँगने विचारलंच नव्हतं. नाव उघड झालं १९७८ मध्ये, ती बाई स्वतः पुढे आल्यावर: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती चेरोकी होती. म्हणजे चाळीसेक वर्षं ज्या चेहऱ्याला सगळं जग 'दुष्काळातली गोरी शेतकरीण' म्हणून बघत होतं, ती आदिवासी बाई निघाली. या कुटुंबाने गाडीचे टायर विकून पोट भरलं असं लँगने सांगितलं होतं. घरच्यांनी ते साफ नाकारलं. शिवाय तंबूच्या खांबावर टेकलेला एक अंगठा फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात आला होता, तो लँगने पुढे निगेटिव्हवरच पुसून घेतला. मोठी फाइल उघडून तिथे बघा, अंगठ्याचं भूत अजून दिसतं.

त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या फ्रेमही आहेत, त्या जरूर बघा. लांबून काढलेल्या फ्रेममध्ये तंबू आहे, बाडबिस्तरा आहे, आणि तंबूच्या तोंडाशी बसलेली मोठी मुलगी आहे. लँग जवळ जवळ सरकत गेली तसतशी ही मुलगी चौकटीबाहेर गेली, आणि उरली फक्त आई नि लहान लेकरं. वयात आलेली मुलगी राहिली असती तर बघणाऱ्याच्या मनात भलतेच हिशेब सुरू झाले असते: बत्तीस वर्षांच्या बाईला एवढी मोठी मुलगी कशी? फोटोग्राफर म्हणून लँगचा निर्णय अचूक होता. पण रोजचं जगणं बघायचं असेल तर मी त्या लांबच्या फ्रेमकडेच जाईन.

रॉथस्टीनची गोष्ट त्यामानाने लहान. १९३६ मध्ये साउथ डकोटात भेगाळलेल्या जमिनीवर त्याला गुराची एक कवटी दिसली. त्याने ती थोडी इकडेतिकडे हलवून वेगवेगळे फोटो घेतले. निवडणुकीचं वर्ष होतं. विरोधी वर्तमानपत्रांनी 'सरकार खोटा दुष्काळ दाखवतंय' म्हणून बोंब ठोकली. दुष्काळ खोटा नव्हता. पण तेव्हापासून आजपर्यंत त्या संग्रहावर शंका घ्यायची झाली की लोक ती कवटीच पुढे करतात.

कोपरे बघा असं मी म्हणते त्याचा नमुना म्हणून मॅरियन पोस्ट वोलकॉटचा एक फोटो सांगते. ऑक्टोबर १९३९, मिसिसिपीतलं बेल्झोनी गाव, शनिवारची दुपार. सिनेमा थेटराची बाजूची पांढरी भिंत आहे. भिंतीला बाहेरून लाकडी जिना लावलेला आणि एक कृष्णवर्णीय माणूस तो चढतोय. वरच्या दाराशी पाटी, 'कलर्ड' लोकांसाठी प्रवेश, १० सेंट. जिन्याखाली एक दार आहे, त्यावर लिहिलंय 'फक्त गोऱ्या पुरुषांसाठी'. वर डॉक्टर पेपर या थंड पेयाची जाहिरात. ऊन कडक असल्यामुळे त्या माणसाची सावली भिंतीवर स्वच्छ पडलीय. कोणी कोणाला मारत नाही, कोणी रडत नाही, शनिवार म्हणून माणूस सिनेमाला चाललाय. वर्णभेद म्हणजे रोज उठून दंगल असा मुलांचा समज असतो. एकाच तिकीटघरच्या सिनेमाला दोन वेगळ्या वाटा असणं, आणि त्यात कोणाला काही विशेष न वाटणं, हे या एका जिन्यावरून जितकं समजतं तितकं पानभर मजकुरातून समजत नाही. तो जिना बांधायला कोणीतरी सुतार लावला होता, पाटी रंगवायला रंगारी. हे सगळं हिशेबात धरून केलेलं होतं. खातं शेतीकर्जाचं होतं, थेटराच्या दारांशी त्याचा संबंध नव्हता. तरी हा फोटो फाइलीत गेला, आणि राहिला.

फक्त एवढ्यावर थांबू नका, कारण या सरकारी संग्रहात कृष्णवर्णीय माणूस बहुतेक वेळा गरीब, कष्टकरी आणि कोणीतरी दुसऱ्याने बघितलेला असाच येतो. त्याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जेम्स व्हॅनडरझी हा कृष्णवर्णीय फोटोग्राफर स्वतःचा स्टुडिओ चालवत होता. गिऱ्हाईक पैसे देणार, म्हणून गिऱ्हाइकाला हवा तसा फोटो. लग्नं, क्लब, चर्चची मंडळं, अंत्यविधीसुद्धा. तुळईवरच्या मजुरांच्याच वर्षी, १९३२ मध्ये, त्याने लांब फरचे कोट घातलेलं एक जोडपं चकचकीत कॅडिलॅक गाडीसह टिपलं. हाही गाजावाजाच, पण त्यांनी स्वतःसाठी केलेला. दोन्ही एकाच भिंतीवर लावा. मधे गॉर्डन पार्क्स लावा. तो स्ट्रायकरच्या हाताखालचा, स्वतः कृष्णवर्णीय. १९४२ मध्ये त्याने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना झाडू आणि पोछ्यासह राष्ट्रध्वजासमोर उभं केलं. हा फोटो सगळ्यांना माहीत आहे. पण पुढे पार्क्स त्यांच्या घरी, चर्चमध्ये, नातवंडांमध्ये गेला, ती मालिका फार कमी लोक उघडून बघतात.

आणि काही फोटो तर काढूनही दाखवले गेले नाहीत. १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. सरकारने नोंद ठेवायला लँगलाच नेमलं. गळ्यात नंबराची चिठ्ठी अडकवून सामानावर बसलेली मुलं तिने टिपली. सरकारला हे अडचणीचं वाटलं आणि युद्ध संपेपर्यंत तिचे बरेचसे फोटो दडपून ठेवले. तीच बाई, तोच हात, पैसेही सरकारचेच.

आता रंगांकडे. १९४० च्या सुमाराचा रंगीत फोटो दिसला की लोक सरळ म्हणतात, 'हा संगणकाने रंगवलाय.' नेहमी तसं नसतं. कोडाक्रोम फिल्म १९३५ मध्ये आली, आणि स्ट्रायकरच्या माणसांनी ती वापरली. ते रंग खरे आहेत आणि अजून टवटवीत आहेत. पण ही फिल्म फार मंद होती, आजच्या हिशेबात साधारण १० आयएसओ. म्हणजे भरपूर ऊन हवं किंवा मोठे दिवे लावायला हवेत, आणि समोरच्याने न हलता उभं राहायला हवं. लिपस्टिक लावलेल्या, केस नीट बांधलेल्या कारखान्यातल्या बायकांचे जे फोटो येतात त्यांतले कित्येक आल्फ्रेड पामरने १९४२ मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या डग्लस विमान कारखान्यात काढलेले आहेत. दिवे लावून, जागा ठरवून. बायका तिथे खरोखर कामाला होत्या, पण बायकांनी आणखी कामाला यावं हा त्या फोटोंचा उद्देश होता. त्यांच्याशेजारी जॅक डेलानोचा एप्रिल १९४३ चा फोटो ठेवा: आयोवातल्या क्लिंटन गावी रेल्वेची इंजिनं पुसणाऱ्या बायका विश्रांतीच्या खोलीत जेवायला बसल्यात. तोही कोडाक्रोमच, तोही युद्धकाळातला, तोही थोडा मांडून बसवलेला. पण डोक्याचे रुमाल आणि कामाचे डगले काजळीने मळलेले आहेत, आणि मेजावर डबे उघडे आहेत. मला डबे फार आवडतात. माणूस चेहरा सावरतो, डबा सावरत नाही.

मग खोटा रंग ओळखायचा कसा? रंगवलेल्या फोटोत कातडीचा रंग सगळ्यांचा एकसारखा असतो. छोट्या वस्तू, डबे, पाट्या, पुस्तकांचे कणे, हे सगळं मातकट तपकिरी किंवा फिकट निळं होऊन जातं. कानाजवळ केसांचा रंग गालावर सांडलेला दिसतो. खऱ्या कोडाक्रोममध्ये सावलीतसुद्धा रंग असतो, आणि एका सदऱ्याचा उन्हाने विटलेला खांदा त्याच सदऱ्याच्या खिशापेक्षा वेगळा दिसतो. तिसरी एक जात आहे, १९०० च्या सुमाराची. न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवरच्या बाजाराचा रंगीत फोटो तुम्ही पाहिला असेल. तो डेट्रॉइटच्या एका कंपनीने फोटोक्रोम पद्धतीने छापलेला. मूळ निगेटिव्ह काळीपांढरी, रंग शिळाछापाने एकेक थर देऊन चढवलेले. रंग निवडणारा त्या गल्लीत कधी गेलेला असेलच असं नाही.

काळ्यापांढऱ्यातून मूळ रंग ओळखता येईल हा भ्रमच सोडा. एकोणिसाव्या शतकात फिल्मच्या जागी असणाऱ्या काचेच्या प्लेटांना निळा रंग पटकन कळायचा आणि लाल जवळजवळ कळतच नसे. निळं कापड पांढरं दिसायचं, लाल काळं. आपल्या घरचं उदाहरण म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियातला १० ऑक्टोबर १८८५ चा फोटो. सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघीही तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. याच्या रंगवलेल्या प्रती आठ मार्चला हमखास येतात. त्यातला साडीचा रंग रंगवणाऱ्याच्या मनचा. मूळ फोटोवरून तो सांगता येत नाही.

साल ठरवायला मात्र फोटो स्वतःच बरीच मदत करतो. अमेरिकेच्या झेंड्यावरचे तारे मोजा: ४८ तारे १९१२ ते १९५९, ५० तारे ४ जुलै १९६० नंतर. गाडी असेल तर नंबराची पाटी बघा, अनेक राज्यांत दरवर्षी नवी पाटी मिळायची आणि तिच्यावर साल उठवलेलं असायचं. दुकानाच्या काचेवर निळ्या गरुडाचं चित्र (मंदीतल्या एका सरकारी योजनेचं चिन्ह) असेल तर १९३३ ते ३५. पत्त्याला पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरचं. मूळ प्रत हातात असेल तर आधी ती उलटी करा. पाठीवर महसुली तिकीट चिकटवलेलं असेल तर सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६, कारण यादवी युद्धाच्या खर्चासाठी फोटोवर कर तेवढाच काळ होता. पोस्टकार्डावर तिकिटाच्या चौकटीत 'एझेडओ' अक्षरं (फोटोच्या कागदाचा छाप) आणि वर टोक केलेले चार त्रिकोण असतील तर साधारण १९०४ ते १८. गोल फोटो असेल तर तो कोडकच्या १८८८ च्या पहिल्या कॅमेऱ्याच्या वेळचा असण्याचा संभव मोठा. १०० फोटो संपले की अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा, किंमत २५ डॉलर. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला आणि पोरासोरांच्या हाती कॅमेरा गेला. तिथून पुढे कुत्री, सहली, तिरपी क्षितिजं आणि कापलेली डोकी सुरू होतात. पन्नाशीच्या दशकातल्या पांढऱ्या कडेवर महिना-साल छापलेलं असतं, पण ते फिल्म धुतल्याचं. एकाच रोलवर दोन नाताळ असणारी घरं पुष्कळ होती.

टिनटाइप म्हणजे पत्र्यावरचा फोटो आरशासारखा उलटा असतो. बिली द किड हा बंदूकबाज डावखुरा होता हा समज एका टिनटाइपमुळेच पसरला. रायफलीत काडतूस भरायची खाच उलट्या बाजूला आहे हे कोणीतरी नीट बघितलं तेव्हा तो मिटला.

आणि जुन्या फोटोत कोणी हसत का नाही, हा नेहमीचा प्रश्न. 'कॅमेऱ्यासमोर फार वेळ बसावं लागायचं' हे उत्तर १८४० च्या दशकापुरतं ठीक आहे. १८८० नंतर कोरड्या प्लेटांमुळे फोटो सेकंदाच्या आत निघायचा, तरीही लोक गंभीरच. कारण स्टुडिओत जाणं हा समारंभ होता. आपल्याकडच्या जुन्या लग्नाच्या फोटोत नवरानवरी हसतात का?

समारंभावरून नेब्रास्काचा सॉलोमन बुचर आठवला. याच्याबद्दल मी थोडं जास्तच बोलणार आहे. १८८६ पासून तो कस्टर काउंटीत घोडागाडी घेऊन फिरला. त्या माळावर झाडंच नव्हती. म्हणून वसाहतवाले गवताची जमीन मुळांसकट विटांसारखी कापून तिची घरं रचायचे. आत अंधार, म्हणून फोटो बाहेर. मग बिऱ्हाड आपली सगळी संपत्ती अंगणात आणायचं: घोडे, शिवणयंत्र, पक्ष्याचा पिंजरा, मेजावर कापलेलं कलिंगड. हिल्टन नावाच्या कुटुंबाकडे पायपेटीचा मोठा ऑर्गन होता. बाईंना पूर्वेकडच्या नातेवाइकांना दाखवायचं होतं की आमच्याकडे ऑर्गन आहे, पण मातीचं घर मात्र दाखवायचं नव्हतं. म्हणून त्यांनी तो अवजड ऑर्गन उचलून गुरांच्या आवारात आणवला. फोटोत भोवती उघडा माळ, जनावरं, आणि मधोमध नक्षीदार ऑर्गनपाशी कुटुंब उभं. हा फोटो पूर्णपणे मांडलेला आहे. पण १८८० च्या दशकात तिथल्या माणसाला कशाची लाज वाटायची आणि कशाचा अभिमान, हे याहून प्रामाणिकपणे सांगणारा दुसरा फोटो मला माहीत नाही. 'पोज दिलेला फोटो म्हणजे निरुपयोगी' असं म्हणणाऱ्यांना मी हाच दाखवते.

लुइस हाइन याच्या अगदी उलट टोकाला. १९०८ पासून त्याने बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठी गिरण्या, खाणी, कालव-मासळीचे कारखाने पालथे घातले. मालक आत सोडत नसत, म्हणून कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा बनून जायचा. आपल्या कोटाचं कोणतं बटण जमिनीपासून किती उंचीवर येतं हे त्याला पाठ होतं. पोर शेजारी उभं केलं की उंची कळायची, आणि खिशात हात घालून तो नोंदी खरडायचा. साउथ कॅरोलिनात लँकेस्टरच्या सूतगिरणीतल्या सेडी नावाच्या मुलीच्या फोटोवर लिहिलंय: उंची ४८ इंच, सहा महिने कामाला. तारीख ३० नोव्हेंबर १९०८. दोन्ही बाजूंनी चात्यांच्या रांगा दूरवर गेल्यात आणि मधे ती उभी आहे. कॅप्शन काढून टाका, मग तो नुसता गोड फोटो उरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेमकं तेच होतं.

आणि माझा सगळ्यात आवडता संग्रह ज्यांनी काढला त्यांना माणसांचे फोटो काढायचेच नव्हते. १९३९ ते ४१ या काळात न्यूयॉर्क शहराने मालमत्ता कराच्या आकारणीसाठी पाचही विभागांतल्या एकूणएक इमारतींचे फोटो काढले. सात लाखांहून अधिक. सोबतचा माणूस गट क्रमांकाची पाटी धरून उभा. हेतू फक्त इमारत दाखवायचा, म्हणून कोणी सावरून उभं राहिलं नाही. खिडकीत गादी वाळत घातलेली, दारात बर्फवाला, पायरीवर बसून पाटीकडे बघत हसणारी पोरं, वाण्याच्या काचेवर त्या आठवड्याचे भाव. यात कलात्मक काही नाही, कित्येक फ्रेम तिरक्या आहेत. पण साध्या गल्लीचं इतकं निर्हेतुक चित्रण दुसरीकडे मिळणं अवघड. शहराच्या दप्तरखान्याने ते ऑनलाइन टाकलेत. पत्ता टाकला की घर येतं. सत्तरच्या दशकातलं काही हवं असेल तर पर्यावरण खात्याची डॉक्युमेरिका ही मालिका आहे, १९७१ ते ७७, रंगीत, राष्ट्रीय अभिलेखागारात. तीही बघण्यासारखी.

हल्ली यंत्राने बनवलेले 'जुने' फोटोही येऊ लागलेत. बोटं मोजण्यापेक्षा दुकानाच्या पाट्या वाचून बघा, अक्षरांचा काला झालेला असतो. आणि विचारा: संग्रह कोणता, क्रमांक काय? खऱ्याला पत्ता असतो.

आता तुमच्या प्रदर्शनाचं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकरांनी नोकरीत काढलेल्या फोटोंवर तिथे कॉपीराइट नसतो. म्हणून स्ट्रायकरच्या विभागाचे फोटो छापायला हरकत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं नाव आणि निगेटिव्ह क्रमांक खाली द्या. हाइनचे फोटोही मोकळे आहेत. खाजगी मासिकांचे आणि वृत्तसंस्थांचे फोटो मात्र वेगळे. तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षांपर्यंत हक्क असू शकतात, आणि तुळईवरचे मजूर त्यातच मोडतात, तेव्हा तो वगळा. काही विक्री संकेतस्थळं हेच मोफत सरकारी फोटो पैसे लावून विकतात. त्यांच्या नादी लागू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल छापायला देऊ नका, दाबून दाबून तिच्यात काही उरलेलं नसतं. लायब्ररीच्या पानावर सगळ्यात मोठी टिफ फाइल उतरवा. ए-३ आकारात चांगला छापायचा तर साधारण ३५०० गुणिले ५००० पिक्सेल हवेत, आणि बहुतेक निगेटिव्हचे स्कॅन तेवढे किंवा त्याच्या आसपास आहेत. त्याच पानावर शेजारच्या क्रमांकाचे फोटो बघायची सोय आहे, ती वापरा. आधीची आणि नंतरची फ्रेम तिथेच सापडते. छापताना रंगवलेली प्रत घेऊ नका, मूळ कॅप्शनचं मराठी खाली लावा, आणि कॅप्शन चुकीचं असल्याचं पुढे उघड झालं असेल तर तेही लिहा. निपोमोच्या आईचा एकच मोठा फोटो लावण्यापेक्षा तंबूपासूनच्या सगळ्या फ्रेम लहान आकारात ओळीने लावा, पलीकडे एखादी भोक पाडलेली निगेटिव्ह, आणि मुलांना विचारा की त्या मोठ्या मुलीला बाहेर का ठेवलं असेल. आठवीच्या पुढची मुलं यावर तासभर भांडतात.